पणजोबांच्या ट्रंकेतला चार कड्यांचा सुरा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. गावच्या घरातली लोखंडी ट्रंक उघडली तेव्हा तळाशी कापडात गुंडाळलेला एक सुरा निघाला. मूठ पितळेसारखी, तिला चार बोटं घालायला चार कड्या, कड्यांवर बोथट टोकं. आपल्याकडे मारामारीत ज्याला फायटर म्हणतात तो, आणि त्यालाच बसवलेलं दुधारी पातं. मुठीवर इंग्रजीत 'यू. एस. १९१८', खाली 'एल. एफ. अँड सी.'. घरात सगळे सांगतात की पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेले आणि तिथून त्यांनी तो आणला. आजोबाही फौजेत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत. तुम्हाला विचारायचंय ते असं: वस्तू खरी का, तिचा आकार असा का, ती प्रत्यक्ष कशी वापरत, आणि घासून लख्ख करावी का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदा देतो, कारण त्याची घाई आहे. घासू नका. चिंच, लिंबू, व्हिनेगर, पितळेची पावडर, काथ्या, काहीही लावू नका. मी जुन्या धातूच्या शस्त्रांच्या जतनाचं काम सव्वीस वर्षं करतोय. गंजाने खाल्लेली पाती मी वाचवली आहेत, पण घासून काढलेला मूळ रंग परत आणता आलेला नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका पात्यावरचा काळा थर मी स्वतः स्टील वूलने उतरवला होता. वाटलं, मळ आहे. तो कारखान्यात मुद्दाम चढवलेला काळेपणा होता, रात्री पातं चमकू नये म्हणून. त्या सुऱ्याबद्दलचा सगळ्यात महत्त्वाचा पुरावा अर्ध्या तासात माझ्याच हातून गेला. तुमच्या फोटोत पात्यावर तोच थर अजून दिसतोय, म्हणून हे कळकळीने सांगतो.

तुमच्याकडे आहे तो अमेरिकी फौजेचा १९१८ चा ट्रेंच नाइफ, 'मार्क वन' नावाचा. ट्रेंच नाइफ म्हणजे खंदकात वापरायचा सुरा. हा प्रकार समजायचा तर तो खंदकच आधी डोळ्यांसमोर आणायला हवा.

१९१४ साली युरोपातल्या फौजा लढाईवर निघाल्या तेव्हा पायदळाचं जवळच्या लढाईचं हत्यार होतं बंदुकीवरची संगीन. फ्रेंचांची लेबेल बंदूक १३० सेंटीमीटर, तिच्यावर ५२ सेंटीमीटरची सुळ्यासारखी संगीन. जोडून झाली जवळपास सहा फूट. ब्रिटिशांची बंदूक आखूड होती, तरी तिच्यावर १७ इंची संगीन चढवली की दीड मीटरच्या पुढे जाई. हे मोकळ्या मैदानातल्या लढाईचं माप होतं. घोडेस्वार अंगावर आला तर भाल्यासारखं रोखून धरता यावं, हा त्यामागचा जुना हिशेब. पण काही महिन्यांत स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपासून उत्तर समुद्रापर्यंत दोन्ही फौजा जमिनीत शिरल्या. खंदक सरळ रेषेत खणत नसत. दर काही पावलांवर काटकोनात वळण, म्हणजे एका जागी गोळा फुटला तरी त्याचे तुकडे पुढे जाऊ नयेत आणि एका टोकाला घुसलेल्या शत्रूला सरळ गोळी झाडता येऊ नये. पुण्यातल्या एखाद्या जुन्या वाड्याचा बोळ आठवा. खांद्याएवढा रुंद, मध्येच वळणारा, अंधारा. त्यात सहा फुटी काठी घेऊन वळून दाखवा. काठी भिंतीला अडते, आणि समोरच्याचा हात तुमच्या छातीपर्यंत पोचलेला असतो. संगीन तिथे अडचणीची झाली ती अशी.

यात आपल्या माणसांचा भाग फार आधीचा आहे आणि तो सांगितला जात नाही, म्हणून इथे थोडा थांबतो. आज ज्यांना आपण खडकीचे बॉम्बे सॅपर्स म्हणतो त्यांच्या २० आणि २१ क्रमांकाच्या दोन कंपन्या, सत्तेचाळिसाव्या शीख पलटणीबरोबर, २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समधल्या नव शापेल गावात घुसल्या. हे मुळात पूल बांधणारे, सुरुंग लावणारे लोक. त्या दिवशी ते घरोघरी, हातघाईवर लढले, आणि त्या दोन कंपन्यांचे अधिकारी जवळपास सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. पुढे ९-१० नोव्हेंबरच्या रात्री एकोणचाळिसाव्या गढवाल रायफल्सच्या जवानांनी जर्मन खंदकावर छापा घातला. ब्रिटिश बाजूने झालेल्या खंदक-छाप्यांमध्ये तो पहिला मानतात. गुरख्यांची खुकरी तर होतीच. म्हणजे युरोपातले कारखाने सुरे बनवायला लागण्याआधी, त्या लढाईला जी आखूड, जड पात्याची हत्यारं लागत होती ती हिंदी फौजेच्या कमरेला होती.

बाकीच्यांनी मग हाताला येईल त्यातून सुरे केले. फ्रेंच शिपायांनी तारेच्या कुंपणाच्या लोखंडी गजाचे तुकडे तोडले, एक टोक ठोकून अणी काढली, दुसरं टोक तापवून वेटोळं वळवलं, तीच मूठ. याला नाव पडलं 'फ्रेंच खिळा'. मी एक हातात धरलेला आहे. नव्वद वर्षांनंतरही त्या वेटोळ्यावर हातोडीचे चपटे घाव बोटाला लागत होते, आणि मुठीचा आतला भाग मात्र गुळगुळीत झालेला होता. घडवणारा लोहार असेल किंवा नसेल, वापरणाऱ्याने तो बराच काळ वागवला होता एवढं नक्की. काहींनी लांब संगिनी कापून दोन-दोन सुरे केले. इंग्लंडमध्ये अधिकारी पदरच्या पैशाने सुरे विकत घेत. डडलीच्या रॉबिन्स कारखान्याचे सुरे आजही संग्राहकांकडे दिसतात, त्यातले काही फायटरच्या मुठीचे, काही मुठीत धरून सरळ पुढे ढकलायचे.

हा दुसरा प्रकार पाहिला की मराठी माणसाला लगेच कट्यार आठवते. त्यांनी ती आपल्याकडून उचलली असं मी म्हणणार नाही. अडचण तीच असली की हाताची रचना माणसाला त्याच उत्तराकडे नेते. कट्यारीची मूठ आडवी, पातं मनगटाच्या सरळ रेषेत, म्हणजे मारताना मनगट वळत नाही आणि सगळ्या हाताचा जोर अणीवर येतो. बिचव्याच्या मुठीला बोटांवरून जाणारं जे वळं असतं त्याचं काम आणि खंदकी सुऱ्याच्या कड्यांचं काम एकच, बोटं वाचवणं आणि हत्यार हातातून निसटू न देणं.

१९१६ पर्यंत सरकारं जागी झाली. फ्रान्सने त्या वर्षीचा कट्यारवजा सुरा मंजूर केला. त्यातल्या काहींच्या पात्यावर तिएरच्या कारखानदाराच्या नावाबरोबर 'ल व्हांजर द १८७०' कोरलेलं असे, म्हणजे १८७० चा सूड घेणारा. प्रशियाकडून झालेला पराभव ते विसरले नव्हते. तिएर हे फ्रान्सचं सुऱ्या-कात्र्यांचं जुनं गाव. जर्मनीत तेच काम झोलिंगेनने केलं. जर्मन सुरा मला या सगळ्यांत सर्वांत शहाणा वाटतो. वितीहून थोडी जास्त एकूण लांबी, सुमारे १५ सेंटीमीटरचं एकधारी पातं, छोटी परज (म्हणजे हात पात्यावर घसरू नये म्हणून मुठीपुढे असलेली आडवी पट्टी), लाकडी मूठ आणि तिच्यावर तिरप्या खाचा. बस. शिकाऱ्याच्या चाकूचाच भाऊ. त्या तिरप्या खाचा बघायला साध्या वाटतात, पण चिखलाने, पावसाने हात बुळबुळीत झाला की बोटांची पेरं त्या खाचांत बसतात. मी असे जे सुरे तपासले त्यातल्या बऱ्याच मुठींवर अंगठ्याच्या जागच्या खाचा जवळजवळ पुसल्या गेल्या होत्या. एवढी झीज युद्धातल्या दोन-चार झटापटींनी होत नाही. ती रोज पाव कापून, दोरी तोडून, डबे उघडून, लाकूड तासून होते.

आता अमेरिकन. ते १९१७ मध्ये युद्धात उतरले आणि तीन वर्षं लोक कशा हत्यारांनी लढताहेत हे लांबून बघत होते. त्यांनी पहिला सुरा काढला तो 'मॉडेल १९१७'. पातं तीन कडांचं, ९ इंची, सुळ्यासारखं, धार कुठेच नाही. लाकडी मूठ, तिच्यावर पोलादी पत्र्याची पट्टी आणि पट्टीवर दाते. कागदावर भयंकर. प्रत्यक्षात त्याने दोरीसुद्धा कापता येत नसे, आणि आडवा ताण आला की बारीक पातं मोडे. या तिकोनी पात्यांबद्दल एक समज फार पसरलाय, की त्यांची जखम शिवता येत नाही म्हणून त्यांच्यावर आंतरराष्ट्रीय बंदी आली. तसा पात्याच्या आकारावर बंदी घालणारा नियम नाही. १८९९ आणि १९०७ च्या हेगच्या करारांत विनाकारण यातना देणाऱ्या शस्त्रांना मनाई आहे, ती सरसकट. तिकोनी किंवा चौकडी पातं करण्याचं खरं कारण कारखान्यातलं आहे. कमी लोखंडात, कमी कामात, न वाकणारं पातं मिळतं. छत्रीची काडी पन्हळीसारखी वळवलेली असते ना, तेच तत्त्व.

१९१८ मध्ये फ्रान्समधल्या अमेरिकी अधिकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांचे सुरे एकत्र ठेवून तपासले. कसोट्या व्यवहाराच्या होत्या: सरपटताना अडतो का, फटका बसला तर हातातून उडतो का, हात वाचतो का, चटकन धरता येतो का. त्यातून तुमच्या ट्रंकेतला मार्क वन आला. पातं फ्रेंच सुऱ्यावरून घेतलं, दुधारी, पावणेसात इंच. मूठ ब्राँझची ओतीव, चार कड्या, कड्यांवर टोकं. मुठीच्या बुडाला शंकूच्या आकाराचा पोलादी नट, डोक्यात घालण्यासाठी. पात्याची शेपटी मुठीतून आरपार जाते आणि त्या नटाने आवळली जाते. म्हणजे एकाच वस्तूत भोसकायचं, कापायचं, ठोसा मारायचा आणि ठेचायचं अशी चार कामं बसवली. 'एल. एफ. अँड सी.' म्हणजे कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटनची लँडर्स, फ्रेरी अँड क्लार्क कंपनी. काही सुरे फ्रान्समध्ये बनले, त्यांच्या पात्यावर सिंहाची खूण असते.

बघणाऱ्याच्या छातीत धडकी भरवणारी ही वस्तू आहे, आणि माझ्या मते तिची खोटही तिथेच आहे. सांगतो कशी.

एकदा बोटं कड्यांत गेली की मूठ एकाच तऱ्हेने धरता येते. चाकू हातात फिरवावा, अंगठा पाठीवर ठेवून बारीक काम करावं, उलटा धरावा, यातलं काही सहज होत नाही. थंडीत लोकरीचा जाड हातमोजा घातला तर बोटं कड्यांत शिरतच नाहीत, आणि फ्रान्सच्या खंदकांत चार-पाच महिने हातमोज्यांचे. बोट सुजलं तर बाहेर येत नाही. मूठ रुंद म्हणून पट्ट्याला लटकवली की सरपटताना तारेत, कपड्यात अडकते. आपल्या दांडपट्ट्याशी ताडून पाहा. पट्ट्याचं खोबळंही मनगट जखडतं, कोपरापर्यंत हात लोखंडात जातो. पण पट्ट्याने तुम्ही मोकळ्यावर, चौफेर फिरवत लढता, आणि त्यासाठी पट्टेकरी वर्षानुवर्षं तालीम करतो. इथे कालपर्यंत शेतावर किंवा गिरणीत असलेला पोरगा, अंधारात, वीतभर जागेत, आणि हातात एकाच कामाचं हत्यार. त्याला दिवसाचे तेवीस तास जे लागतं ते या सुऱ्याने होत नाही, आणि उरलेल्या तासासाठी तो वजन वागवायला तयार नसतो.

मग हे सुरे वापरले तरी किती गेले? छाप्यावर जाणारी तुकडी तोंडाला काळं फासे, ओळख सांगणारी बिल्ले-कागदपत्रं मागे ठेवी, रात्री दोन खंदकांमधल्या पडीक जमिनीवरून पोटावर सरकत जाई. हेतू बहुधा एखादा जिवंत कैदी पकडून आणणं किंवा कागद मिळवणं. हत्यारं म्हणजे हातबॉम्ब, पिस्तुलं आणि सोटे. सोट्यांवर भर होता हे लक्षात घ्या: लाकडाच्या दांड्याला खिळे, घोड्याचे नाल, शिशाचे गोळे ठोकलेले. ब्रिटिशांच्या मागच्या कार्यशाळांत ते थप्पीने बनत. जर्मनांनी खणायच्या फावड्याच्या कडांना धार लावली आणि अनेक शिपायांना तेच सगळ्यात भरवशाचं वाटे, कारण फावडं तसंही जवळ लागेच. सुरा होता, पण त्याचा नंबर शेवटचा.

ब्रिटिशांच्या अधिकृत वैद्यकीय इतिहासात २,१२,६५९ जखमांची विभागणी दिली आहे. तोफगोळ्यांनी झालेल्या ५८.५१ टक्के, गोळ्यांनी ३८.९८ टक्के, बॉम्ब-हातबॉम्बने २.१९ टक्के, आणि संगिनीने ०.३२ टक्के. सुऱ्याला तर वेगळा रकानाही नाही. हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची: ते दवाखान्यापर्यंत पोचलेल्यांचे आहेत, जागच्या जागी मेलेला त्यात येत नाही. तरीही दोन टोकांमधलं अंतर एवढं आहे की शंका उरत नाही. त्या युद्धात माणूस मेला तो बहुतेक वेळा मैलभर लांबून आलेल्या पोलादाने. सुरा कमरेला असायचा तो अंधारात एकटं पडलो तर हात रिकामा नसावा म्हणून. हे मी कमी लेखून म्हणत नाही. ज्याच्या कमरेला तो होता त्याला त्या रात्री त्याचा केवढा आधार वाटला असेल, हे टक्केवारीत मावत नाही.

हत्यार बनवणाऱ्यांनाही पुढे हे उमगलं. मार्क वन पहिल्या युद्धाच्या अगदी शेवटी तयार झाला, त्यामुळे गोदामांत पडून राहिला आणि १९४२ च्या सुमारास अमेरिकी रेंजर्स आणि छत्रीधारी सैनिकांना वाटला गेला. तेव्हा तक्रारी आल्या त्या वर सांगितल्या त्याच. शिवाय ब्राँझ महाग, युद्धकाळात तांबं दुसरीकडे हवं. १९४३ मध्ये त्याच्या जागी 'एम थ्री' आला. चामड्याच्या चकत्या दाबून केलेली, आडव्या खाचांची गोल मूठ, छोटी परज, पातं तेवढंच पावणेसात इंची. कड्या गेल्या, टोकं गेली, डोकं फोडायचा नट गेला. एम थ्री २५ लाखांच्या वर बनले, आणि त्याच पात्यावरून पुढे कार्बाइनची, म्हणजे आखूड बंदुकीची, संगीन निघाली. अमेरिकन पंचवीस वर्षांनी तिथेच येऊन पोचले जिथे झोलिंगेनचे कारागीर शिकाऱ्याचा चाकू समोर ठेवून सुरुवातीलाच पोचले होते.

ब्रिटिशांच्या कमांडो सुऱ्याबद्दल लोक फार विचारतात. तो फेअरबर्न आणि साइक्स या शांघाय पोलिसांत काम केलेल्या दोघांनी आखला, विल्किन्सन कंपनीने १९४१ पासून बनवला. देखणा, तोल उत्तम. पण पातं अरुंद, अणी नाजूक, डबा उघडायला गेलं की टोक तुटायचं. त्याबद्दल इथे एवढंच पुरे.

आता तुमच्या सुऱ्याकडे. पणजोबांनी तो मेसोपोटेमियातून आणला असणं मला शक्य वाटत नाही. पुण्याची सहावी डिव्हिजन तिथे लढली, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, आणि त्या ७ डिसेंबर १९१५ पासून तिथल्या कूत गावाच्या वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ ला शरण गेल्या. त्या वेळी हा सुरा जन्मालाही आला नव्हता. नंतरही अमेरिकी फौज त्या आघाडीवर लढलीच नाही. घरातली गोष्ट कुणी रचून सांगितलेली नसते. ट्रंक एक आणि फौजी दोन, त्यात एका पिढीची वस्तू दुसऱ्या पिढीच्या नावावर चढते. अशी उदाहरणं माझ्या टेबलावर वरचेवर येतात.

आजोबांचं इटली मात्र जुळतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी तिथे होत्या. आठव्या हिंदी डिव्हिजनचे भाग, आणि तिच्यात मराठा पलटण होती, डिसेंबर १९४४ अखेरीस सेर्कियोच्या खोऱ्यात अमेरिकी ९२व्या डिव्हिजनच्या मदतीला गेले होते. अमेरिकी शिपायाकडून वस्तू हाती यायला अशा ठिकाणी किती वेळ लागतो? सिगारेटींच्या बदल्यात, चपातीच्या बदल्यात, नुसत्या दोस्तीत. युद्धानंतर भारतातल्या अमेरिकी गोदामांचा मालही विकला गेला, तोही एक मार्ग. आजोबांची पलटण कोणती हे कळल्याशिवाय मी यातल्या कशावरही बोट ठेवणार नाही.

इटलीचा विषय निघालाच आहे तर माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे आठवतात. १० जुलै १९४४, तायबर नदीचं वरचं खोरं, पाचव्या मराठाची तिसरी बटालियन. समोरून मशिनगन चालू, बरोबरचे सगळे पडले. ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले, हातबॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली. गोळ्या संपल्या, नवीन मॅगझिन चढवायला सवड नाही, तेव्हा हातातली टॉमीगन (छोटी मशिनगन) नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. नंतर ते तिथेच शत्रूच्या गोळीने गेले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हातघाईची लढाई खरी कशी असते ते यावरून समजतं. त्या क्षणी म्यानातून काही काढायला वेळ नसतो. हातात जे आहे तेच हत्यार.

खरी-खोटी ओळख. या सुऱ्याच्या प्रतिकृती ढिगाने बनतात, आपल्या देशातही बनून बाहेर जातात. पहिली खूण पात्याचा रंग आणि अक्षरांची कडा. प्रतिकृतीचं पातं बहुधा चकचकीत असतं, अक्षरं गोलसर, जणू साबणात उठवलेली. दुसरी खूण माप. खऱ्या मुठीवरून साचा घेऊन नवी मूठ ओतली तर निवताना धातू आकसतो, आणि नवी मूठ दीड-दोन टक्क्यांनी लहान निघते. डोळ्याला कळत नाही, व्हर्नियरला, म्हणजे बारीक मापाच्या कॅलिपरला, कळतं. संपूर्ण सुरा पावणेबारा इंच भरायला हवा. तिसरी खूण नट आणि शेपटी. नटाच्या टोकाशी शेपटीचं तोंड कसं दिसतं, जुना ठोकल्याचा घाव आहे का, की चकाकणारे नवे आटे आहेत, हे भिंगाने बघा.

पण मला तुमचा सुरा खरा वाटायला लागला तो चौथ्या फोटोमुळे. करंगळीच्या कडीवरचं टोक कानशीने घासून गोल केलंय. घासल्याच्या रेघा तिरप्या आहेत आणि त्या रेघांतही बाकीच्या मुठीइतकाच जुना काळसर रंग भरलाय, म्हणजे काम अलीकडचं नाही. आणि खजान्याच्या, म्हणजे मुठीलगतच्या बिनधारी भागाच्या, पुढे बोटभर जागेत, एका बाजूची धार आत गेलीय. दगडावर पुन्हा पुन्हा परजल्याशिवाय धार अशी खपत नाही. अणी मात्र जशीच्या तशी, अगदी टोकदार. ज्याच्याकडे हा सुरा होता त्याने कपड्यात अडकणारं टोक घासून टाकलं आणि मुठीजवळच्या धारेने रोजची कापाकापी केली. ज्या कामासाठी तो घडवला होता ते काम त्याने कदाचित कधीच केलं नाही. प्रतिकृती करणारा अशी झीज करायला जात नाही, कारण गिऱ्हाइकाला भीतिदायक टोकं पूर्ण हवी असतात.

ठेवायचा कसा: सुती कापडाने धूळ पुसा, हाताच्या घामाने गंज धरतो म्हणून रबरी पातळ हातमोजे घालून हाताळा. मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी विरळ हात पात्यावर आणि मुठीवर द्या. मेण मिळेपर्यंत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पात्यापुरता चालेल. पत्र्याचं म्यान सापडलं तर तेही जपा, पण सुरा त्यात घालून ठेवू नका, आत ओल धरते. चामड्यात तर मुळीच नको, ब्राँझवर हिरवा थर येतो. गाव कोकणातलं असेल तर बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि पावसाळ्यात त्या दर महिन्याला बदला. ज्या कापडात तो गुंडाळलेला होता ते फेकू नका.

कायद्याचं: शस्त्र नियमांत परवान्याच्या यादीत येणारी पाती ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद अशी सांगितली आहेत, तुमचं पातं त्याहून आखूड आहे. तरी ही घरगुती सुरी नव्हे. घराबाहेर बरोबर घेऊन फिरू नका, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी माहिती देऊन पोच घेतलेली बरी. विकायचा विचार असेल तर आणखी एक. १०० वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावस्तूंच्या कायद्यात मोडू शकते आणि परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी गिऱ्हाइकाने कितीही सांगितलं तरी पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय कुरिअर करू नका.

मला तीन गोष्टी पाठवा. बुडाच्या नटाचा अगदी जवळून फोटो, मुठीची व्हर्नियरने घेतलेली लांबी, आणि ट्रंकेच्या झाकणाची आतली बाजू. फौजी लोक तिथे रंगाने नंबर आणि पलटण लिहीत. वरून दुसरा रंग दिला असला तरी तिरप्या उजेडात बॅटरी धरली की अक्षरं उठून दिसतात. आजोबांचं डिस्चार्जचं पुस्तक घरात कुठे असेल तर तेही शोधा, बहुतेक देवघराच्या फळीवर किंवा जमिनीच्या कागदांबरोबर सापडेल.